दुखणे कोणी लिहायचे?

जिवतीच्या डोंगरातील एखाद्या कोलामगुड्यावरची बाई महिना-दीड महिना अंगावर काढलेले दुखणे घेऊन उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसते. आत डॉक्टर नसतो. टेबलावर संगणक असतो, आणि त्या दिवशी वीज व रेंज दोन्ही असली तर त्याच्या पडद्यावर काही वेळाने दूरच्या शहरातील डॉक्टरचा चेहरा उमटतो. बाई बोलू लागते ती कोलामीत. बरोबर आलेली आशा स्वयंसेविका ते मराठीत सांगते, समुदाय आरोग्य अधिकारी त्यातले आवश्यक तेवढे इंग्रजीत टंकतो, आणि डॉक्टरच्या हाती 'पोटदुखी, अशक्तपणा' एवढेच पडते. बाई पाच मिनिटे बोललेली असते. कूस कधी दुखते, ओणवे झाल्यावर की जेवल्यावर. नवरा सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडे गेल्यापासून घरात चूल किती वेळा पेटते. मागच्या बाळंतपणानंतर अंगावरून किती दिवस जात होते, हे सारे त्या पाच मिनिटांत आलेले असते. दोन भाषांच्या दोन पायऱ्या उतरता उतरता ते सांडून जाते.

केंद्र सरकारची 'ई-संजीवनी' ही सेवा २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. पुढच्या वर्षी टाळेबंदी आली आणि २५ मार्च २०२० रोजी दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची नियमावलीही प्रसिद्ध झाली. २०२३ च्या फेब्रुवारीत या सेवेने दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडल्याचे जाहीर झाले. आकडा मोठा आहे आणि त्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले तेच मुळी २०१५ साली. कोरपना-जिवतीच्या माणसाला तज्ज्ञ डॉक्टर पाहायचा म्हणजे एक दिवसाची मजुरी, दोघांचे बसभाडे आणि मुक्काम पडला तर कोणाच्या तरी ओसरीचा आधार एवढे भांडवल लागते. डॉक्टरची फी हा या खर्चातला बहुधा सर्वांत लहान भाग असतो. तो प्रवासच टळणार असेल तर गरिबाच्या दृष्टीने ती मोठीच बचत म्हणावी लागेल. प्रश्न आहे तो वेगळाच. रोगी आणि डॉक्टर समोरासमोर नसतात, तेव्हा रोग्याची हकीकत कोण सांगतो, कोणत्या भाषेत सांगतो, आणि ती नीट सांगण्याच्या श्रमाचे मोल कोणाच्या हिशेबात धरले जाते?

हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मलेला नाही. दूर बसलेल्या वैद्याला दुखणे कळवून त्याचा सल्ला मागविण्याची रीत युरोपात दोन-अडीचशे वर्षांपूर्वी इतकी रुळलेली होती की, नामांकित वैद्याच्या मिळकतीचा तो एक नेमस्त भाग असे. हॉलंडमधील लायडनचे बूरहावे १७३८ साली वारले. त्यांच्याविषयी आख्यायिका अशी की, चीनमधल्या एका अधिकाऱ्याने पाकिटावर केवळ 'बूरहावे, वैद्य, युरोप' एवढाच पत्ता घातला आणि पत्र बरोबर पोचले. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यावर लोकांचा विश्वास बसत होता हे त्या काळाविषयी पुरेसे बोलके आहे.

आख्यायिका सोडून कागदपत्रांकडे वळले तर चित्र अधिक स्पष्ट होते. स्कॉटलंडमधील एडिंबरोचे प्राध्यापक विल्यम कलन (१७१० ते १७९०) यांच्याकडे आलेली रोग्यांची हजारो पत्रे आणि त्यांनी धाडलेल्या उत्तरांच्या नकला तेथील वैद्यांच्या रॉयल कॉलेजात जपून ठेवलेल्या आहेत. ग्लासगो विद्यापीठाने त्या आता सर्वांना वाचण्यासाठी खुल्याही केल्या आहेत. प्रारंभी कलनसाहेबांचा लेखनिक उत्तराची नक्कल हाताने उतरून ठेवी. पुढे वाफेच्या यंत्रामुळे प्रसिद्ध असलेल्या जेम्स वॅटने पत्राची नक्कल काढण्याचे एक यंत्र बनविले आणि १७८१ पासून कलन यांच्या घरी ते वापरात आले. एका वैद्याला आपल्या टपालासाठी यंत्र ठेवावे लागावे, यावरूनच त्या व्यवहाराची व्याप्ती ध्यानात येईल. उत्तरात औषधे असत. पण आहार कोणता, घोड्यावरून रपेट किती, अंगात लोकरीचे घालावे की नाही, झोप कधी, याच गोष्टींचा भरणा अधिक असे. पत्रे सगळी रोग्यांनीच लिहिलेली नसत. पुष्कळदा गावातला शल्यवैद्य किंवा औषधविक्याच रोग्याच्या वतीने हकीकत कळवी.

स्वित्झर्लंडमधील लोझान येथील सामुएल तिसो (१७२८ ते १७९७) यांची गोष्ट येथील वाचकाला अधिक जवळची वाटेल. त्यांच्याकडे आलेली हजाराहून अधिक पत्रे व टिपणे आजही लोझानच्या ग्रंथालयात आहेत आणि त्यांत युरोपातल्या सरदारांपासून व्यापाऱ्यांपर्यंत नाना तऱ्हेचे लोक आहेत. परंतु १७६१ साली त्यांनी सामान्य लोकांच्या आरोग्यासंबंधी जे पुस्तक लिहिले, ते सरदारांसाठी नव्हते. खेड्यातला शेतकरी डॉक्टरपर्यंत पोचत नाही आणि त्याला वाचताही येत नाही, हे तिसो जाणून होते. म्हणून ते पुस्तक त्यांनी शेतकऱ्याला उद्देशून लिहिलेच नाही. गावचा धर्मोपदेशक, शाळामास्तर, जमीनदाराची पत्नी, सुईण अशा मधल्या माणसांसाठी ते लिहिले. त्यात एक छोटेखानी प्रकरण आहे. वैद्याचा सल्ला घ्यायचा असेल, तर ज्यांची उत्तरे आधी ठाऊक असलीच पाहिजेत अशा प्रश्नांची ती यादी आहे. रोग्याचे वय काय, पूर्वी प्रकृती कशी होती, राहणी कशी, दुखणे किती दिवसांचे, ते सुरू कसे झाले, ताप आहे की नाही. स्त्रिया व मुले यांच्यासाठी वेगळे प्रश्न. वैद्याला दुरून उत्तर द्यायचे असेल तर रोग्याच्या शेजारी कोणी तरी नीट विचारणारा आणि नीट लिहिणारा हवा, ही गोष्ट या माणसाने अडीचशे वर्षांपूर्वी व्यवस्थेचा पाया म्हणून ओळखली होती.

आपल्याकडच्या आयुर्वेदाने रोगीपरीक्षेचे तीन मार्ग सांगितले आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. पत्राने सल्ला घेताना यांतले पहिले दोन गळतात आणि तिसरा तेवढा उरतो. मात्र तो एकटा उरतो म्हणूनच त्याला आपली पूर्ण ताकद लावावी लागते. रोगी आपले दुखणे पहिल्या दिवसापासून आठवतो, त्याचा क्रम लावतो, त्याला उपमा शोधतो. 'मुंग्या आल्यासारखे', 'कोणी आतून पीळ देते आहे असे' हे शब्द वैद्याच्या पोथीतले नसतात, ते त्याचे स्वतःचे असतात. वैद्यालाही ते दोनदा वाचावे लागतात, कारण त्याच्यापाशी दुसरे साधनच नसते. त्या काळचे औषधशास्त्र फारसे कामाचे नव्हते, रक्त काढणे आणि रेच देणे यांतच ते रमलेले होते, हे खरे. तेव्हा त्या पत्रांविषयी हळवे होण्याचे कारण नाही. उत्तर पोचेपर्यंत रोगी आपोआप बरा तरी झालेला असे किंवा हाताबाहेर तरी गेलेला असे. पण ऐकून घेण्याची शिस्त त्या टपालाने वैद्याच्या अंगी बाणवली, एवढे श्रेय तिला द्यावेच लागेल.

१८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची सुरळी एका तरुण रुग्ण स्त्रीच्या छातीवर टेकवून हृदयाचे ठोके ऐकले आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. वैद्यकाचे त्याने कोटकल्याण केले यात वाद नाही. मात्र त्या दिवसापासून रोगी काय सांगतो यापेक्षा त्याचे शरीर काय सांगते याला वजन येऊ लागले. पुढे क्ष-किरण आले, रक्ताच्या तपासण्या आल्या. शरीर समोर असल्यावाचून निदान करणे बेजबाबदारपणाचे ठरू लागले आणि पत्रातला सल्ला हळूहळू प्रतिष्ठित वैद्यकातून हद्दपार झाला. आज पडद्यावरून जो सल्ला दिला जातो, तो या इतिहासाच्या उलट्या प्रवाहात पोहतो आहे. त्यात दर्शन अर्धेमुर्धे आहे, स्पर्शन नाही आणि प्रश्नाला वेळ नाही.

हिंदुस्थानात टपाल स्वस्त झाले ते १८५४ साली. अर्ध्या आण्यात पाव तोळ्याचे पत्र देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाऊ लागले. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. किमतीचा विचार केला तर वैद्याला दुखणे कळविणे तेव्हापासून मजुराच्याही आवाक्यात आलेले होते. पण वस्तू स्वस्त झाली म्हणजे ती सर्वांची झाली असे होत नाही, कारण तिच्याबरोबर वापरावी लागणारी दुसरी वस्तू महाग असू शकते. पोस्टकार्ड पाव आण्याचे होते, लिहिता येणे पाव आण्यात मिळत नव्हते. १९०१ च्या जनगणनेत देशात साक्षर निघाले ते शंभरात जेमतेम पाच, आणि स्त्रियांत तर हजारात सहा. गडचांदूरच्या मुलखाला तर आणखी एक अडचण होती. राजुरा तालुका निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे; तो १९५६ साली मुंबई राज्यात येऊन नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५९ साली चांद्याकडे आला. निजामाचे टपालखाते स्वतंत्र होते आणि त्याची तिकिटे संस्थानाबाहेर चालत नसत. वर्धा नदीच्या पलीकडे चांद्याला दिवा दिसावा, आणि तिकडे पत्र धाडण्यासाठी मात्र दुसऱ्या सरकारचे तिकीट शोधावे लागावे, अशी ती स्थिती होती.

पत्रातून दुखणे कळविणाऱ्या मराठी माणसांत सर्वांत करुण प्रकरण आनंदीबाई जोशी यांचे आहे. न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना त्यांच्या वाचनात एका मिशनरी मासिकातील गोपाळराव जोश्यांचा पत्रव्यवहार आला आणि त्यातून या दोन स्त्रियांचा पत्ररूप स्नेह जुळला. पुढे कलकत्त्याच्या मुक्कामात आनंदीबाईंची प्रकृती ढासळू लागली. सततची डोकेदुखी, अधूनमधून ताप, अशक्तपणा, कधी दम लागणे. तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे धाडली. त्यांचा गुण आला नाही. औषध धाडणारी बाई डॉक्टर नव्हती, औषध घेणारी पुढे डॉक्टर होणार होती. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावल्याचे दुःख आनंदीबाईंच्या पदरी होते आणि आपल्या देशातील स्त्रियांना स्त्री डॉक्टरच हवी हे त्यांनी १८८३ साली श्रीरामपूरच्या सभेत जाहीरपणे मांडले होते. १८८६ साली त्या पदवीधर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी गेल्या. पत्राने मैत्री होते, धीर मिळतो, वाटही सापडते. फुप्फुसातला रोग मात्र त्याला दिसत नाही.

पत्राच्या या दुबळेपणाचा बाजाराने पुरेपूर फायदा घेतला. १८७७ साली व्ही.पी.पी.ची सोय झाली, म्हणजे माल हाती पडल्यावर पोस्टमनजवळ पैसे देण्याची. मग वर्तमानपत्रांच्या मागल्या पानांवर सर्वरोगहारक गुट्या, शक्तिवर्धक पाके आणि नाहीशा झालेल्या तारुण्याची हमी यांचा सुळसुळाट झाला. विकाराची हकीकत लिहून कळवा, पत्रव्यवहार गुप्त राहील, असा त्यांचा ठरीव मजकूर असे. अर्थशास्त्रात ज्याला माहितीची विषमता म्हणतात तिचे इतके ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. विकणाऱ्याला रोग्याची लाज ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला औषधातले काहीच ठाऊक नाही. अखेर १९५४ साली अशा जाहिरातींना आळा घालणारा कायदा केंद्राला करावा लागला. त्या गुट्यांचे वारस अजूनही बसथांब्यांच्या भिंतींवर रंगविलेले दिसतात, हा भाग निराळा.

याच लाजेचा व्यापार न करता तिला उत्तर देणारा एक माणूस त्या काळी मुंबईत होता. रघुनाथ धोंडो कर्वे हे डॉक्टर नव्हते, ते गणिताचे अध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ च्या जुलैपासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक, जे त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, घाट्यात का होईना, चालले. घरखर्चाचा भार बऱ्याच अंशी मालतीबाईंच्या नोकरीवर पडला. या मासिकात वाचक पत्राने प्रश्न विचारीत आणि कर्वे त्यांची छापील उत्तरे देत. प्रश्न असत ते माणसाने कोणाला न विचारलेले. हस्तमैथुनाने शरीर खंगते काय, समलिंगी आकर्षण हा रोग आहे काय, मूल होत नाही त्यात दोष कोणाचा. घरच्या वैद्याला विचारावे तर तो वडिलांचा स्नेही, डॉक्टरला विचारावे तर दवाखान्यात गावातली चार माणसे बसलेली. पत्राला तोंड नव्हते, म्हणून त्याच्याजवळ माणूस मोकळा झाला.

राज्यकर्त्यांना आणि समाजाला हे पचले नाही. व्यभिचारावरील एका लेखापायी १९३१ साली कर्व्यांवर पहिला खटला झाला, आणि १९३४ साली दुसरा झाला तो नेमका वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल. या दुसऱ्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावरचे प्रत्येक लिखाण अश्लील ठरविता येणार नाही, आणि लोक अज्ञान दूर करून घेण्यासाठी विचारीत असतील तर जबाबदार संपादकाने उत्तर का देऊ नये, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. रोग्याने कोणते दुखणे बोलून दाखवावे याच्या मर्यादा त्या दिवशी न्यायालयाने आखल्या. मासिक मात्र बंद पडले नाही, आणि पत्रेही.

विदर्भातलेच आणखी एक टपाल येथे आठवावे. १९३६ पासून सेवाग्राम हा देशाच्या राजकारणाचा पत्ता झाला आणि तिथे येणाऱ्या पत्रांत दुखण्यांची पत्रेही असत. गांधीजी त्यांना उत्तरे देत: आहार कसा ठेवावा, मातीची पट्टी कुठे ठेवावी, कटिस्नान किती वेळ घ्यावे. त्यांच्या समग्र वाङ्मयात अशी उत्तरे जागोजागी विखुरलेली आहेत. इतक्या कामाच्या रगाड्यात कोणा अनोळखी माणसाच्या बद्धकोष्ठाची ते आस्थेने चौकशी करीत, याचे कौतुक वाटते. पण उपचारावरची श्रद्धा आधीच ठरलेली असली की दूरचा सल्ला सर्वांना एकच होऊ लागतो, हेही त्यांत दिसून येते.

कर्व्यांना पत्र धाडणारे लोक लिहिता येणारे होते. ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांची दुखणी कुठे गेली? या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात मिळाले, आणि ते हादरवणारे होते. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील साडेसहाशे स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरातील ब्याण्णव स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यासाठी पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात अवघ्या आठ होत्या. डॉक्टर नव्हता हे त्याचे एक कारण. पण कोणी विचारले नव्हते, आणि विचारल्यावाचून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती, हे दुसरे कारण तितकेच बलवत्तर आहे. 'समाजस्वास्थ्या'चे टपाल या खेड्यांपर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता.

याच जिल्ह्यात पुढे जे घडले ते दूरस्थ सल्ल्याच्या कोणत्याही योजनेने समोर ठेवावे असे आहे. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायचा तर श्वास मोजावे लागतात, आणि पन्नास-साठपर्यंत मोजणे अनेक सुइणींना येत नव्हते. त्यांच्यासाठी मण्यांचे एक साधे उपकरण करण्यात आले: वाळूचे घड्याळ मिनिट दाखवते आणि मणी सरकवीत गेले की श्वास जास्त झाले की नाही ते कळते. गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघर नवजात बालकांची देखभाल सुरू झाली. एकोणचाळीस गावांत हे काम झाले, सत्तेचाळीस गावे तुलनेसाठी घेतली गेली, आणि १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू तुलनेने बासष्ट टक्क्यांनी कमी झाले होते. तिथे डॉक्टर बदलला नव्हता. रोग्याच्या शेजारी बसणारा, पाहणारा, मोजणारा आणि टिपणारा माणूस तयार झाला होता. तिसोने शाळामास्तरांत आणि सुइणींत जो माणूस शोधला होता, तोच हा.

आज हे काम ज्यांच्यावर येऊन पडले आहे त्या आशा स्वयंसेविकांची नेमणूक २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासून होत आली. 'स्वयंसेविका' हा शब्दच बोलका आहे. त्यांना पगार नाही. मानधन आणि कामागणिक मोबदला आहे. प्रसूती दवाखान्यात झाली, लस टोचली, रक्ताचा नमुना घेतला, की त्याचा हिशेब होतो. रोग्याजवळ अर्धा तास बसून त्याचे म्हणणे समजून घेतले, तर त्याचा दर कोणत्याही तक्त्यात नाही. ज्या श्रमाला भाव नसतो तो श्रम बाजारात कमी येतो, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. २०२० च्या नियमावलीने आरोग्य कार्यकर्त्याला रोग्याच्या वतीने डॉक्टरशी बोलण्याची मुभा दिली हे चांगलेच झाले. पण मुभा म्हणजे वेतन नव्हे. दहा कोटी सल्ले मोजणाऱ्या यंत्रणेने त्यांपैकी किती सल्ल्यांत रोगी स्वतःच्या भाषेत बोलला हेही मोजायला हवे होते. कोरपना-जिवतीत गोंडी, कोलामी, तेलुगू, बंजारा बोलणारी माणसे आहेत, आणि गडचांदूरच्या कामगारवस्त्यांत बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबेही. अशा ठिकाणी दुभाषा ही चैनीची वस्तू ठरत नाही. थर्मामीटरइतकेच ते आवश्यक साधन आहे.

मधल्या माणसाचा एक धोकाही आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पोस्टाच्या दारात बसून पत्र लिहून देणाऱ्यापुढे कोणी गुप्तरोगाची हकीकत सांगत नसे. गावातली आशा ही कोणाची तरी जाऊ असते, कोणाची नणंद. पांढऱ्या पाण्याची तक्रार, दारू पिऊन आलेल्या नवऱ्याचा मार, पाळी चुकलेल्या कुमारिकेची भीती या गोष्टी तिच्या तोंडून डॉक्टरपर्यंत जायच्या तर गावाच्या कानांवरून जातील, ही शंका रोग्याला येणारच. पत्राला तोंड नव्हते, तिला आहे. म्हणून गुप्ततेचे प्रशिक्षण, स्वतंत्र खोली, आणि रोग्याची इच्छा असेल तर शेजारच्या गावची कार्यकर्ती बोलावण्याची सोय, या बाबी मलमपट्टीच्या साहित्याबरोबरच अंदाजपत्रकात आल्या पाहिजेत. पडदा लावून घेतलेला सल्ला आणि व्हरांड्यात दहा माणसांदेखत घेतलेला सल्ला यांत फरक आहे, हे शहरातल्या दवाखान्याला कळते. तेच उपकेंद्राला लागू का नसावे?

एकाच रोगाचे उदाहरण पुरे होईल. सिकलसेल हा विकार या पट्ट्यातील अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, आणि त्याच्या निर्मूलनासाठी २०२३ च्या जुलैत राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. रक्ताच्या चाचणीने तो कोणाला आहे ते कळते. पण त्याची कळ उठते तेव्हा हाडांत काय होते, ते स्टेथोस्कोपला ऐकू येत नाही आणि पडद्यावर दिसत नाही. रोगी सांगेल तेवढेच डॉक्टरला कळणार. थंडीत उठली की उन्हात, पाणी कमी प्यायल्यावर की ओझे वाहिल्यावर, किती तास राहिली, मागच्या खेपेस कशाने थांबली. कामचुकार म्हणून मुकादमाच्या शिव्या खाल्लेल्या तरुणाला हे सगळे सांगता येते. विचारणारा भेटला पाहिजे. शिवाय त्याने सांगितलेले कोठे तरी त्याच्याच शब्दांत लिहून राहिले पाहिजे आणि त्याची एक प्रत त्याच्या हातात असली पाहिजे. म्हणजे पुढच्या वेळी पडद्यावर दुसरा डॉक्टर आला तरी पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही. कलनच्या रोग्याजवळ वैद्याचे पत्र असे आणि वैद्याजवळ त्याची नक्कल. उपकेंद्रातून परतणाऱ्या बाईजवळ आज बहुधा गोळ्यांची पट्टी असते.

तिसोच्या प्रश्नांची यादी एका पानावर मावण्याजोगी आहे. तिला या भागातल्या रोगांप्रमाणे चार-पाच प्रश्नांची जोड द्यावी लागेल, गोंडी आणि कोलामी भाषांतर करणारी माणसे जिवती-कोरपन्यातच मिळतील, आणि छपाईचा खर्च एका संगणकाच्या किमतीहून कमी येईल. ते पान भरायला मात्र दर रोग्यामागे अर्धा तास लागेल, आणि त्या अर्ध्या तासाची मजुरी जिल्हा आरोग्य सोसायटीच्या येत्या आराखड्यात कोणत्या लेखाशीर्षाखाली धरायची, ते आधी ठरवावे लागेल.